सगळ्यांच्या हातात आल्याबिगर

आमच्या साताऱ्याच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर बाकावर बसल्याजागी मिळते. पावाच्या चौकोनी तुकड्यांची थाळी फिरते, आणि शेवटच्या बाकावरच्या माणसाच्या हातात तुकडा पडेपर्यंत कुणी खात नाही. मग पाळकसाहेब सांगतात आणि सगळे एकदम खातात. दृढीकरण, म्हणजे मंडळीत पक्कं सामील होण्याचा विधी, झाल्याशिवाय ही भाकर मिळत नाही. सोळाव्या वर्षी तो होऊन मला पहिला तुकडा मिळाला तेव्हा मी घाई केली, तर आईने असा चिमटा काढला की भाकर घशातच अडकली.

धाकटी बहीण लग्न करून सांगलीला गेली, तीही कॅथलिक घरात. आम्ही प्रोटेस्टंट. येशू दोन्हीकडे एकच, पण आई लग्नाला गेली नाही. बारा वर्षं तिने त्या घरात पाऊल ठेवलं नाही. मग बहिणीच्या लेकीचा पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे त्यांच्याकडचं प्रभुभोजन, ठरला, नातीनेच फोनवर गळ घातली आणि आईची अढी गेली. घरातून निघताना म्हणाली, "मी बी तिच्यासंगं घेनार हाय."

मला नियम ठाऊक होता. कॅथलिक नसलेल्याला तिथे तो प्रसाद घेता येत नाही, आईला नीट समजावून आण, असं बहिणीने बजावलंही होतं. कराड गेलं, पेठ नाका गेला, मी तोंड उघडलं नाही. बारा वर्षांनी वितळलेली बाई पुन्हा थिजेल ही भीती होती, आणि खरं सांगायचं तर भांडणाचा कंटाळाही. एवढ्या गर्दीत कोण कुणाला ओळखतंय, असं मनाला सांगत राहिले.

पांढऱ्या झग्यातल्या मुलींना देऊन झाल्यावर मोठ्यांची रांग लागली. आई डोक्यावर पदर घेऊन रांगेत गेली. फादरांनी तिच्या ओंजळीत प्रसादाची पातळ पांढरी चकती ठेवली. ती वळली, आणि चकती तशीच जपून धरून बाकाकडे चालू लागली. सगळ्यांना मिळेपर्यंत ती थांबणार होती! तिथे ती समोरच तोंडात घालायची असते. त्यांच्या श्रद्धेने ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर, ते हातात घेऊन कुणी फिरत नाही.

फादर पायरी उतरून मागे आले. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "आजी, तुम्ही कॅथलिक आहात का?"

"न्हाई. आमी साताऱ्याच्या मंडळीतल्या," आई अभिमानाने म्हणाली.

माफ करा म्हणत त्यांनी चकती उचलली, स्वतः खाल्ली, आईच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि परत गेले. मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आई ओंजळ धरून तशीच उभी होती, आणि पहिल्या बाकावरून नात वळून बघत होती. मी आधी फादरांवर चिडले, मग बहिणीवर. स्वतःवर चिडायला संध्याकाळ झाली.

परतीच्या गाडीत आईने विचारलं, "तुला ठावं हुतं व्हय?" मी होकारार्थी मान हलवली.

मे महिन्यात नात सुट्टीला आली. पहिल्या रविवारी आई तिला घेऊन पुढच्याच बाकावर बसली. आता बघ म्हणावं आमची पंगत, असं मी मनात म्हणत होते. थाळी आली, नातीने हात पुढे केला. पाळकसाहेबांनी थाळी उचलून धरली. हिचं दृढीकरण कुठे झालंय, असं म्हणून ते पुढे सरकले. नियम आमचाच होता, मी जन्मभर पाळलेला, तरी मी हबकले. पोरीचा हात काही वेळ तसाच राहिला, अगदी तिच्या आजीसारखा.

पाळकसाहेबांनी सांगितल्यावर सगळ्यांनी खाल्लं. मीही खाल्लं, सवयीने. आईने नाही. उपासना संपल्यावर ती मेजापाशी गेली आणि आपला तुकडा थाळीत परत ठेवला. पाळकसाहेब गोंधळले. बरं वाटत नाही का, म्हणून त्यांनी विचारलं.

"सगळ्यांच्या हातात आल्याबिगर खायाचं न्हाई, असं हितंच शिकलिया मी," आई म्हणाली आणि नातीचा हात धरून बाहेर पडली. माझ्या तोंडात अजून पावाची चव होती.