राक्षसाची पोथी

छापलेला शब्द खोटा असू शकतो, हे माझ्या बायकोच्या मामांनी आजवर मान्य केलेलं नाही. तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर ते सहसा विश्वास ठेवत नाहीत; सख्ख्या भावाने सांगितलं तरी दोनदा विचारतात. पण तीच गोष्ट कागदावर छापून आली की विषय संपला. एका नातेवाइकाच्या लग्नपत्रिकेत संध्याकाळच्या मुहूर्ताच्या जागी चुकून सकाळ छापली गेली होती. नवरदेवाच्या बापाने घरी येऊन खुलासा केला, तरी मामा सकाळी फेटा बांधून रिकाम्या मांडवात जाऊन बसले. खुर्च्या लावणाऱ्या पोरांना म्हणाले, "छापलं आहे म्हनजे होईन." संध्याकाळी त्यांनी अक्षता टाकल्या खऱ्या, पण ते लग्न त्यांना अजूनही थोडं संशयास्पद वाटतं. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद, खताच्या पिशवीवरच्या सूचना, कॅलेंडरची मागची बाजू, सगळं ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतात. मधलं गाळणं त्यांच्या लेखी पाप आणि पदरचं घालणं महापाप.

अशा माणसाच्या हाती विनोदी पुस्तक पडलं की काय होतं, ते मामांच्या गावी, उंद्रीत, पाहायला मिळालं. ट्रॅक्टरवरून उतरताना मामांचा पाय मोडला आणि ते प्लास्टर घालून घरात पडून होते. त्यांना विरंगुळा म्हणून मी चिखलीहून एक पुस्तक नेलं. एका उलट्या कारभाराच्या राज्याची सहा भागांची मालिका आहे, तिचा पहिला भाग. त्या राज्यात घोडे उडतात, त्यामुळे रस्त्यांची कामं निघत नाहीत आणि प्रधानजींची पंचाईत होते. म्हणून ते आभाळातच खड्डे मंजूर करून घेतात. एक राक्षस आहे. माणसं खाण्याचा परवाना काढायला तो रोज दरबारात जातो, रांगेत उभा राहून राहून वाळतो आणि रांगेतल्या लोकांच्या डब्यातली भाजी-भाकरी खाऊन चक्क शाकाहारी होतो. मी वाचताना पोट धरून हसलो होतो. मामा हसले नाहीत. पुढच्या खेपेला गेलो तर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "जवाईबापू, हे राज्य कोन्या जिल्ह्यात येते?" हे सगळं लेखकाच्या डोक्यातून निघालं आहे, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "एका मानसाच्या डोक्यातून एवढं निघत नसते. कुठीतरी झालं असन, म्हून तं छापलं," ते म्हणाले. आणि प्लास्टर निघाल्यावर त्यांनी त्या पुस्तकाची पोथी लावली.

पोथी लावणं म्हणजे काय, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. चातुर्मासात गावोगावी लागते. एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे माना डोलावतात. देवळात राक्षसाची पोथी बरी दिसणार नाही, म्हणून मामांनी ती आपल्या घरापुढच्या छपरीत लावली. दिवेलागणीला हातपाय धुऊन, टोपी घालून, लाकडी ठवणीवर पुस्तक ठेवून ते बसत. सुरुवात किमतीपासून आणि छापखान्याच्या पत्त्यापासून. प्रत्येक पानाचा आकडा आधी मोठ्याने सांगायचा, मग मजकूर. पानाच्या शेवटी वाक्य अर्धं राहिलं तरी मामा तिथेच थांबत, कारण पान संपलं. मग राक्षसाचा एक पाय दरबारात आणि एक पाय बाहेर अशा अवस्थेत अर्थ सांगून होईपर्यंत सगळे बसून राहत. कोणी हसलं तर मामा चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "पोथीत हासू नोका."

अर्थ सांगायला होते रहीमचाचा. मामांचे शाळेपासूनचे दोस्त, अख्ख्या गावाचे कपडे शिवलेले. दोघं एकमेकांना अजून 'बे' म्हणतात. मामांना जितकं छापलेलं प्यारं, तितकं चाचांना न छापलेलं. आभाळातल्या खड्ड्यांचं पान झालं तेव्हा चाचांनी दाढीवरून हात फिरवत सांगितलं, "याचा अर्थ असा, का खड्डा रस्त्याले पडतच नसते, कागदावर पडते. मंग त्याले रस्ता असो का आभाय." यावर माजी सरपंच उठून निघून गेले. प्रधान म्हणजे आपणच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. फक्त ही बातमी त्या लेखकाला कोणी पुरवली, एवढंच त्यांना कळत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते सर्वांच्या आधी येऊन बसू लागले. आज आपल्याबद्दल काय निघतं, ते ऐकलेलं बरं, असा त्यांचा हिशोब. शेजारच्या गिरजाबाईंचा सगळा जीव राक्षसात. "एवढे लोक हायेत त्या राज्यात, एकालेही वाटत नाही का, त्याले घरी जेवाले बलवाव?" असं म्हणून त्या पदर डोळ्यांना लावत. ज्या दिवशी राक्षस शाकाहारी झाला, त्या दिवशी त्यांनी वांग्याचं भरीत आणि भाकरी आणून ठवणीपुढे ठेवली. नैवेद्य राक्षसाचा असल्यामुळे प्रसाद म्हणून तो सरपंचांनीही खाल्ला.

असे पाच भाग वाचून झाले. सहावा, शेवटचा भाग आला, तोवर चाचांच्या घरात बरंच बदललं होतं. चाची गेल्या होत्या. डोळ्यांना दिसेना, सुईत दोरा जाईना म्हणून शिलाई मशीनवर कापड पडलं होतं. नाशिकला असलेला मुलगा न्यायला आला. मुलगा चांगला आहे, सून त्याहून चांगली. चाचांनी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "अर्ध्यातून पोथी सोडू नाही बेटा. समाप्ती झाली का येतो." पोथी कसली आहे ते मुलाला ठाऊक होतं. तो हसला आणि समाप्ती झाली की कळवा म्हणून निघून गेला.

तेव्हापासून मामांच्या वाचनाची गती मंदावली. सहाव्या भागाला त्यांना खोकला फार येऊ लागला. मागे बसलेल्यांना ऐकू आलं नसेल म्हणून कालचं पान आज पुन्हा. मागे कोणीही बसत नव्हतं. अमावस्येला वाचन बंद, पौर्णिमेला बंद, गावात कोणाकडे पाहुणे आले तरी बंद. "राक्षसाले परवाना भेटते का नाही, तेवढं तं सांगा," म्हणून गिरजाबाई भांडल्या. मला राहवलं नाही. मी चिखलीत सहावा भाग विकत घेतला आणि वाचून टाकला. शेवटी राक्षसाला परवाना मिळतो. तो फाडून टाकतो आणि दरबाराच्या दारातच खाणावळ उघडतो. तिथे पुस्तक संपतं.

दिवाळीनंतर उंद्रीला गेलो तेव्हा वाचन चालूच होतं. मी जाऊन बसलो, आणि ऐकतो तर राक्षस खाणावळ दुसऱ्याला सोपवून राज्यातून पायी निघालेला. एका गावात तो पाणी पितो, दुसऱ्या गावात कापूस वेचायला थांबतो, तिसऱ्या गावच्या फाट्यावर चहा घेतो. पाच भाग शुद्ध भाषेत बोलणारा राक्षस आता "मले जरासाक बसू द्या" म्हणत होता. मला काही कळेना. मग ध्यानात आलं की मामा पानांचे आकडे सांगत नाहीत. मी पाणी प्यायच्या निमित्ताने त्यांच्या मागच्या माठाकडे गेलो आणि खांद्यावरून डोकावलो. ठवणीवर पुस्तकाचं अगदी शेवटचं पान उघडं होतं. त्यावर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी, पुढे किमती. त्या यादीवरून मामांचं बोट ओळीओळीने सरकत होतं आणि तोंडातून राक्षस पुढच्या गावाकडे चालला होता. मामांनी मला पाहिलं. आवाज हलला नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी पाणी पिऊन जागेवर येऊन बसलो.

सगळ्यांना माहीत होतं, हे मला बसल्यावर कळलं. गिरजाबाई पुढे काय होतं म्हणून विचारत नव्हत्या. सरपंच खाली मान घालून चटईची काडी सोलत होते. आणि चाचा नेहमीसारखे दाढीवरून हात फिरवत अर्थ सांगत होते. "याचा अर्थ असा, का जाणाऱ्याले वाट लांब नसते. वाट पाहणाऱ्याले लांब." मामांनी मान डोलावली आणि पुढे सुरू केलं. राक्षसाला आणखी एक गाव लागलं. तेव्हा चाचांनी हळूच हात पुढे करून तो उघड्या पानावर ठेवला.

"आता समाप्ती कर बे. लय चालला तो. थकला असन."

"एक पान राह्यलं," मामा म्हणाले.

"नाही राह्यलं. लय दिवसाचं नाही राह्यलं."

मामांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. बराच वेळ पुसला. मग नारळ फोडला. पोथी संपली की लगेच पहिल्या अध्यायाच्या चार ओळी वाचायच्या, म्हणजे पोथी तुटत नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. मामांनी पहिला भाग ठवणीवर ठेवला, किंमत वाचली, छापखान्याचा पत्ता वाचला, आणि त्यापुढे त्यांच्याने वाचवेना. त्या पत्त्याचाही अर्थ चाचांनी सांगितला. काय सांगितला ते मला आठवत नाही. गिरजाबाई मोठ्याने रडत होत्या. चार दिवसांनी मुलगा गाडी घेऊन आला.

मामांनी आता पुन्हा पहिल्यापासून लावली आहे. चाचांशी फोनवर बोलणं होतं, नातवंडांचं, गुडघ्यांचं, पण फोनवर अर्थ सांगायला ते तयार नाहीत. तोंड पाहिल्याशिवाय अर्थ कसा सांगू, म्हणतात. मध्यंतरी सरपंचांनी आपण अर्थ सांगतो म्हणून तयारी दाखवली. मामांनी नको म्हटलं, आणि एवढ्या साध्या गोष्टीवर सरपंच रुसलेही नाहीत. मी परवा जाऊन बसलो होतो. पानांचे आकडे पुन्हा सुरू झाले आहेत, आणि मजकुरात एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. मामा आकडा सांगतात, पान वाचतात आणि थांबतात. शेजारच्या रिकाम्या चटईकडे बघत, अर्थ सांगायला लागला असता तेवढा वेळ थांबतात. मग मान डोलावतात आणि पान उलटतात.