वसंतानं घेतलेलं नाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

वसंता स्टुडिओत रंगभूषा करायचा. माझ्याकडे चावी द्यायचा, घरगुती फिल्मा काढायचा कॅमेरा होता. संक्रांत झाली की आम्ही सात-आठ जण पन्हाळ्याला एका मित्राच्या बंगल्यावर जमायचो. सगळे पुरुष, आणि पुरुषांवरच जीव असलेले. वसंता स्टुडिओतून टोप आणि नथी आणायचा. नऊवारी नेसून, दारं लावून आमचं हळदीकुंकू चालायचं — वाण, तिळगूळ, उखाणे, सगळं रीतसर. थट्टा तर विचारू नका. कुणाच्या निऱ्या सुटल्या की वसंता सासूच्या तोऱ्यात ओरडायचा, "आईनं काय शिकवलंय का न्हाय?"

मी नेसायचो नाही, कॅमेरा धरायचो. म्हणजे फिल्ममध्ये सगळे आहेत, मी नाही. तेव्हाच मला ते सोयीचं वाटत होतं का? असेलही.

एका फिल्मच्या शेवटी वसंता पदर सावरून कॅमेऱ्याकडे बघतो आणि उखाणा घेतो. फिल्म मुकी आहे, नुसते ओठ हलतात. त्या उखाण्यात माझं नाव आहे. आमचं दोघांचं होतं — संसार म्हणा, काहीही म्हणा.

ती फिल्म त्याच्या थोरल्या भावाच्या हाती लागली. त्यानं मला बोलावून घेतलं. वसंता भिंतीला टेकून उभा होता. भाऊ म्हणाला, "तूबी ह्यातलाच काय रं?"

"न्हाय वो अण्णा. ह्यानं फिल्म काढाय बोलावलं, गेलतो. असली माणसं हाईत, मला काय ठावं?"

वसंतानं माझ्याकडे बघितलं. एका शब्दात मला अडकवू शकला असता — नाही अडकवलं. त्याला घराबाहेर काढलं. तो कुरुंदवाडला खोली घेऊन राहिला, तिथंच गेला. एसटीनं असं कितीसं लांब? मी एकदाही गेलो नाही. लग्न केलं, मुलं झाली, जेवलो, झोपलो. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. आताही वाटत नाही.

गेल्या महिन्यात त्या भावाचा नातू आला. तिशीतला असेल. माळ्यावर सापडलेली फिल्म त्यानं मोबाईलवर करून आणली होती. "तुम्हीच काढलीया म्हणं. आजोबा, हे शेवटाला काय म्हणत्यात?"

"ध्यानात न्हाय, बाबा."

त्यानं मोबाईल खिशात घातला. दारात चपला घालताना घुटमळला. मग हळू म्हणाला, "मीबी तसलाच हाय, आजोबा. घरात अजून बोललो न्हाय. वसंतआजोबांचं कोण तरी होतं का, एवढंच कळाय पायजे होतं."

घरात आम्ही दोघंच होतो. हा पोरगा कुणाला सांगणार होता?

मी म्हणालो, "न्हवतं कोण."