बरणीतल्या कॅप्सूल

समस्त मराठी जनांना गंभीरपणे कळवण्यात येते की, वैद्यकशास्त्राची प्रगती एका सकाळी चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या आमच्या शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात अडकून पडली होती.

माझी मुलगी पॉलिफेनॉल या वनस्पतींतल्या रसायनांवर पीएचडी करते. जांभळाच्या बियांतल्या अर्काने रक्तातली साखर उतरते का, हे तिला पाहायचं होतं. आमच्या भजनी मंडळातल्या मधुमेही बायकांना तिने नंबर घातलेल्या बाटल्या दिल्या. निम्म्या बाटल्यांत अर्काच्या कॅप्सूल, निम्म्यांत नुसत्या पिठाच्या. कुणाच्या वाट्याला काय, हे खाणारीलाही कळू द्यायचं नव्हतं.

शेवटच्या तपासणीला सगळ्याजणी काकूंकडे उपाशीपोटी जमल्या. मुलगी रक्ताच्या नळ्या मांडत होती. मी पाणी प्यायला आत गेलो, तर इडलीपात्रामागे लोणच्याची बरणी! तिच्या तळाशी उरलेल्या कॅप्सूल. शेजारी सगळ्या नंबरांच्या बाटल्या, रिकाम्या, धुऊन पालथ्या घातलेल्या.

तेवढ्यात मुलगी हात धुवायला आली. मी बरणीसमोर हात पसरून उभा राहिलो.

"बाबा, सरका."

"बाथरूममध्ये धू ना."

"बाबा!"

मी सरकलो. तिने बरणी पाहिली, बाटल्या पाहिल्या आणि ओट्याची कड घट्ट धरली. तिचा अख्खा प्रबंध त्या बाटल्यांवर उभा होता.

"काकू, हे एकत्र कुणी केलं?"

दारात आलेल्या काकूंनी अभिमानाने पदर खोचला. "अगं, निम्म्यांना नुसतं पीठ खायला घालणं शोभतं का? आम्ही रोज भजनानंतर प्रसादासारखं सगळ्यांना सारखं वाटलं!"