नाव उपाली, लिंग पुरुष

माझं नाव उपाली. मी पुरुष आहे. ही दोन वाक्यं मला आयुष्यात इतक्यांदा एकापाठोपाठ बोलावी लागली आहेत, की आता पहिलं संपायच्या आत दुसरं तोंडातून निघतं. बँकेत, दवाखान्यात, कुरिअरवाल्याशी फोनवर. समोरचा आधी गोंधळतो, मग सॉरी सर म्हणतो आणि मग हमखास विचारतो, की हे नाव ठेवलं कोणी?

वडिलांनी ठेवलं. चांदवडच्या कांदा बाजारात ते मापाडी होते. गोण्या काट्यावर चढल्या की वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. माझ्या जन्माआधीच्या पावसाळ्यात आमच्या गावच्या विहारात एक भन्ते वर्षावासाला राहिले होते. रोज संध्याकाळी ते बुद्धाच्या काळातल्या गोष्टी सांगायचे. वडील कामावरून थेट तिथे जायचे, कपड्यांना कांद्याची टरफलं चिकटलेली असायची म्हणून सगळ्यांच्या मागे बसायचे. तिथे एका गोष्टीत त्यांनी हे नाव ऐकलं आणि मुलगा झाला तर हेच, असं ठरवून टाकलं. आईला त्यांनी विचारलं नाही, फक्त सांगितलं. मुलगी झाली असती तर काय ठेवलं असतं, असं मी आईला एकदा विचारलं. ती म्हणाली, तरी हेच ठेवलं असतं, त्यांचं डोकं तसंच आहे.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझी आत्या पाळण्यावर वाकली, वडिलांनी तिला हळूच नाव सांगितलं आणि ती तशीच सरळ झाली.

"हे पोरीचं नाव हाय," ती म्हणाली. "मी नाय सांगायची."

तिचंही चुकलं नव्हतं. आमच्या वस्तीत तेव्हा राहुल, सिद्धार्थ, आनंद यांची रांग लागली होती. राहुल म्हणून हाक मारली की तीन-चार घरांतून ओ यायची. धम्माची नावं सगळ्यांनाच हवी होती, पण ती अशी, ऐकल्याबरोबर मुलगा कळणारी. रुपाली, दीपाली, वैशाली यांच्या पंगतीत बसणारं नाव मुलाला कोण ठेवेल? शेवटी वडिलांनी स्वतः वाकून माझ्या कानात नाव सांगितलं. आत्या त्या दिवशी न जेवता गेली, असं आई सांगते.

पहिलीत बाईंनी माझं नाव मुलींच्या यादीत घातलं. मी हजर म्हटलं की वर्ग हसायचा. बाई पण हसायच्या, आणि यादी तशीच राहायची. पुढे मोठी पोरं शाळा सुटल्यावर "ए ताई, ए ताई" करत मागे यायला लागली. एके दिवशी मी त्यातल्या एकाला धरलं. मारामारीत सदरा फाटला, मार मलाच जास्त बसला. घरी येऊन मी वडिलांना म्हणालो, माझं नाव बदला, राहुल ठेवा.

वडिलांनी मला तोंड धुवायला लावलं आणि ओट्यावर शेजारी बसवलं. मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. उपाली हा शाक्यांच्या राजघराण्याचा न्हावी. तिथल्या तरुण राजपुत्रांनी घर सोडून बुद्धाकडे जायचं ठरवलं, तेव्हा हा त्यांच्यासोबत निघाला. वाटेत त्यांनी अंगावरचे दागिने उतरवून त्याला दिले आणि परत जा म्हणाले. तो थोडा मागे गेला, मग दागिन्यांचं गाठोडं एका झाडाला टांगलं, ज्याला हवं त्यानं न्यावं म्हणून, आणि पुन्हा त्यांच्यामागे निघाला. संघात नियम असा, की ज्याची दीक्षा आधी, तो मोठा. मागून येणाऱ्यानं त्याला वंदन करायचं. तिथे राजपुत्र स्वतःच म्हणाले, याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याच्यापुढे वाकावं लागेल आणि आमचा कुळाचा ताठा मोडेल. आणि ते वाकले. पुढे संघाचे सगळे नियम कोणाला तोंडपाठ, तर उपालीला. काही अडलं की त्याला विचारायचे.

मला गोष्ट आवडली, पण राग गेला नव्हता. मी म्हणालो, मग राजपुत्राचं नाव ठेवायचं, न्हाव्याचं कशाला ठेवलं?

वडील म्हणाले, "राजाची नावं ठेवायला लय लोक हायत."

दुसऱ्या दिवशी कामाला खाडा करून ते शाळेत आले. हेडमास्तर भले होते. त्यांनी समजुतीनं सांगितलं, की आता बदल सोपा आहे, उपेंद्र करून टाका, पुढे दाखल्यावर, नोकरीत, सगळीकडे पोराला त्रास होईल. वडिलांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "व्हईल त्रास. होऊ द्या. तुम्ही फक्त पोरींच्या यादीतून काढा." नाव मुलांच्या यादीत आलं. पोरांचं ताई-ताई थांबलं नाही, पण मी आता पळत नव्हतो. थांबून, मागे वळून, "काय रे भावा?" असं विचारायचो. हळूहळू ती पोरं कंटाळली.

डिप्लोमा करून मी नाशकात आलो आणि अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागलो. तिथे साहेबांनी तोच सल्ला दिला. बाहेरच्या कंपन्यांना माझे मेल जायचे आणि उत्तरं 'डिअर मॅडम' म्हणून यायची. साहेब म्हणाले, कार्डावर उपेंद्र छाप, धंद्यात गोंधळ नको. मी म्हणालो, गोंधळ एकदाच होतो सर, नंतर कोणी विसरत नाही. साहेबांना ते पटलं नाही, पण मी कार्ड छापलं ते उपाली म्हणूनच. खरं सांगायचं तर मॅडम समजून लोक जरा सौम्य लिहायचे. माल परत पाठवतानाही कृपया म्हणायचे.

तोवर मला वाटत होतं, की जगात पुरुष उपाली मी एकटाच. मग दुबईला एका हॉटेलच्या लाँड्रीत काम करणाऱ्या माझ्या मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. तो हसू आवरत म्हणाला, थांब, तुला तुझ्याशीच बोलायला देतो. पडद्यावर एक पन्नाशीचा माणूस आला, पांढरी झालेली जाडजूड मिशी. श्रीलंकेचा. मावसभावाचा सुपरवायझर. त्याचं नाव उपाली.

त्याचं हिंदी मोडकं, माझं सिंहली शून्य. त्यानं विचारलं, नाम कौन रखा? मी म्हणालो, पिताजी. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, सेम. मी त्याला विचारलं, की तुम्हाला कोणी मुलगी समजतं का. त्याला प्रश्नच कळला नाही. मावसभावानं समजावला तेव्हा तो इतका हसला, की फोन हलायला लागला. म्हणाला, आमच्या गावात बाजाराच्या दिवशी हे नाव पुकारलं तर निम्मी म्हातारी माणसं वळून बघतील. त्यानं स्वतःच्या मुलाचं नाव मात्र वेगळं ठेवलं होतं. बायको म्हणाली होती, उपाली म्हणजे अगदीच जुन्या वळणाचं, आजोबांचं नाव.

फोन ठेवून मी खोलीच्या गच्चीवर कितीतरी वेळ उभा होतो. ज्या नावासाठी मी मार खाल्ला, ते समुद्रापलीकडे इतकं साधं होतं, की पोरांना त्याचा कंटाळा आला होता. म्हणजे नावात काही खोट नव्हती. आमच्या कानांना सवय नव्हती, एवढंच.

लग्न ठरलं तेव्हा निमंत्रणपत्रिकेवरून अडलं. मुलगी नाशिकरोडची, तिचे वडील निवृत्त क्लार्क. माणूस नीटनेटका. ते म्हणाले, जावईबापू, नावाआधीचं आयुष्मान, आयुष्मती कोणी वाचत नाही, लोक नावं वाचतात. पत्रिकेवर दोन मुलींची नावं दिसतील. माझे भाऊबंद काय म्हणतील? घरचं एखादं नाव असेल ना तुमचं? मी म्हणालो, घरचंही हेच आहे. त्यांनी पत्रिकेचा मसुदा बाजूला सारला. लग्न मोडतंय की काय, असं मला वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही.

तेव्हा आतून ती बाहेर आली. वडिलांना म्हणाली, "बाबा, मी ह्यांना ह्याच नावानं हो म्हटलंय. पत्रिकेवर दुसराच कोणी आला तर त्याच्याशी मी का लग्न करू?"

पत्रिका माझ्याच नावानं छापली. चार ठिकाणांहून फोन आले, हसून झालं. मंडपात माइकवाल्यानं वधू उपाली असं पुकारलं, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं माझे सासरेच हसले.

लग्नानंतर आम्ही घर शोधत होतो. तिचं ऑफिस जवळ म्हणून इंदिरानगरात बघायचं ठरलं. एका सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट होता. मेसेजवर मालक फार गोड बोलले, कारण खाली माझं आणि बायकोचं नाव बघून त्यांना वाटलं, नोकरी करणाऱ्या दोघी बहिणी असतील. आम्ही नवरा-बायको दारात बघून ते चकित झाले, पण आत घेतलं, चहा केला. घर हवेशीर होतं. बायकोनं ओट्यापाशी उभं राहून खिडकी उघडून पाहिली, तेव्हाच मला कळलं, की तिला ते आवडलंय.

मग मालकांनी विचारलं, "आणि नावाचा अर्थ काय हो? कुठून आलं हे नाव?"

माझं आडनाव असं आहे, की त्यावरून काही कळत नाही. तेच आडनाव इतरांतही असतं. म्हणून लोक नावाकडे वळतात. हा प्रश्न कोणता आहे, हे मला ऐकताक्षणी कळतं. कारखान्यातल्या एका मित्रानं मला कधीच शिकवून ठेवलं होतं, की अशा वेळी संस्कृत आहे म्हणायचं, चंद्र, कमळ, काहीही अर्थ सांगायचा. घर मिळतं. मी बायकोकडे पाहिलं. ती चहा पीत माझ्याकडेच बघत होती.

मी पूर्ण गोष्ट सांगितली. झाड, दागिने, राजपुत्र, सगळं. मालक ऐकत होते, पण त्यांची बायको कप उचलायला लागली होती.

"म्हणजे न्हाव्याचं नाव," मालक म्हणाले.

"हो," मी म्हणालो. "राजपुत्र ज्याच्यापुढे वाकले त्या न्हाव्याचं. आम्ही बौद्ध आहोत. तुम्हाला विचारायचं होतं ते हेच ना?"

ते तसं काही नाही म्हणाले, आम्ही तसलं मानत नाही म्हणाले, कळवतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोन आला, पुतण्या राहायला येतोय, सॉरी. मी म्हणालो, पुतण्याला नमस्कार सांगा. पुतण्या काही आला नाही. भाड्याने देणे आहे ही पाटी पुढे पावसाळाभर त्या गॅलरीत होती. बायको बसमधून येता-जाता बघायची आणि संध्याकाळी मला सांगायची. तिला वाईट वाटायचं, खिडकीचं. एकदा मी तिला विचारलं, की त्या दिवशी चंद्र म्हणालो असतो तर? ती म्हणाली, मग त्या घरात मला रोज त्या चंद्राला जेवायला वाढावं लागलं असतं.

शेवटी पाथर्डी फाट्याकडे घर मिळालं. मालकीणबाई एकट्या, विधवा, आवाज खणखणीत. त्यांनीही नाव विचारलं. मी सवयीनं दोन्ही वाक्यं म्हणालो, आणि पुढच्या प्रश्नासाठी तयार होऊन उभा राहिलो.

"बरं, उपाली," त्या म्हणाल्या, "पाणी सकाळी लवकर येतं. टाकी भरून घ्यायची, मोटर बंद करायची. मागचा भाडेकरू विसरायचा."

आम्ही त्याच रविवारी सामान आणलं.