मीटरवाल्याची बाकडी

माझ्या मावशीचं दुकान आणि माझं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही पातळ. मावशी कपड्यांचं आल्टरेशन करते. पँटची उंची कमी करायची, कमर सैल करायची, बिघडलेली चेन बदलायची. नवीन कपडे ती शिवत नाही. तिचं म्हणणं असं की नवीन शिवून घेणाऱ्याला त्यात हिरो दिसायचं असतं, जुनं दुरुस्त करणारा मात्र नुसतं अंगात बसलं तरी खूश होतो. मी झेरॉक्स काढते, लोकांचे अर्ज कॉम्प्युटरवर भरून देते आणि दिवसभर त्यांच्यावर खेकसते. खेकसल्याशिवाय माणसं रांगेत उभी राहत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

मावशीचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा दादा, घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचा. पायाला भिंगरी लावल्यासारखा दिवसभर जिने चढायचा-उतरायचा, दमला की दिसेल त्या बाकड्यावर बसायचा, आणि बसून झालं की त्या बाकड्याविषयी लिहायचा. मी थट्टा करत नाही. त्याने त्यासाठी वेबसाइट काढली होती. बाकड्याचा फोटो, ते कुठे आहे, ऊन कोणत्या बाजूने येतं, पाठ टेकता येते का, शेजारी बसणारी माणसं फार बोलतात का. शेवटी निकाल असायचा, "बूड टेकवण्यालायक" नाहीतर "त्यापेक्षा उभे राहा". दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात ते खरं आहे, मी दोन्हीवर बसून पाहिलंय, असंही त्याने एकदा लिहिलं होतं.

मावशीचा या सगळ्यावर राग. कोणी सांगितल्यात या लष्कराच्या भाकऱ्या, त्यापेक्षा खात्याची परीक्षा दे, साहेब हो, मग खुर्चीत बस की हवं तेवढं, असं ती त्याला ऐकवायची. तो हसायचा आणि पुढचं बाकडं लिहायला घ्यायचा. मग ती हात झटकून म्हणायची, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. एका दुपारी कामावर असतानाच रस्ता ओलांडताना त्याला ट्रकने उडवलं. ती म्हण आता आमच्याकडे कोणी म्हणत नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याच कुणाविषयी ती सहज म्हटली, तर मावशीने त्याची पँट तशीच गुंडाळून परत दिली.

दादा असताना मावशीने त्याची वेबसाइट कधी उघडून पाहिली नव्हती. तो गेल्यावर ती रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी माझ्याकडे यायची, चष्मा पुसायची आणि म्हणायची, लाव. मी लावून द्यायची. ती एक बाकडं वाचायची. एकच. दोन वाचली तर लवकर संपतील, अशी तिची भीती. वाचताना कधी हसायची, कधी म्हणायची, "बघ, हा असाच बोलायचा ना गं?" मी हो म्हणायची आणि प्रिंटरमध्ये न अडकलेला कागद काढत बसायची, कारण माझं तोंड तिला दिसायला नको असायचं.

मग एका सकाळी पान उघडेना. ज्या कंपनीने ती जागा फुकट दिली होती, तिने दुकान गुंडाळलं होतं. तशी सूचना त्यांनी दादाच्या मेलवर पाठवली असणार, आणि तो मेल उघडायला दादा कुठे होता? मी त्या कंपनीला लिहून पाहिलं, ओळखीच्या दोन शहाण्यांना विचारलं. सगळ्यांनी दिलगिरी व्यक्त केली. दुसऱ्या दिवशी मावशी मात्र नेहमीच्या वेळेला आली आणि चष्मा पुसून बसली. मी म्हटलं, मावशी, आता तिथे काही नाही गं. ती म्हणाली, मग त्याच्यासारखं दुसरं काहीतरी असेल, ते लाव.

आता "आवडती साइट सांगा, तशाच आणखी दाखवतो" असं म्हणणाऱ्याही साइट असतात. त्यातल्या एकीवर मी दादाच्या साइटचा पत्ता टाकला. तिने आम्हाला बागेतल्या खुर्च्या विकणारे दाखवले, लाकूड पॉलिश करणारे दाखवले आणि पाठदुखीवरचं मलम दाखवलं. मावशी ते मलमाचं पानही शेवटपर्यंत वाचून काढायला निघाली होती. मी कपाळावर हात मारला. त्या यंत्राला बाकडं कळलं होतं, त्यावर बसलेला माणूस कळला नव्हता.

मी तिला विचारलं, तुला त्या साइटमध्ये आवडायचं काय? बाकडी? ती म्हणाली, बाकड्यांना काय आग लावायचीय, तो चालून चालून दमायचा आणि मग बसायचा, ते वाचलं की माझा जीव खाली बसायचा. मग आम्ही तसं शोधायला लागलो. दमलेल्या माणसाला कुठे टेकता येतं, असं विचारलं. एक बाई सापडली, ती रस्त्यावरच्या पाण्याच्या नळांविषयी लिहायची. एकजण दुपारी कुठल्या झाडाखाली किती सावली पडते ते लिहायचा. जगात दादासारखी बरीच माणसं आहेत हे कळून मला बरं वाटलं. मावशी दोन-दोन ओळी वाचून मान हलवायची. हा फार शिकवतो, ही फार तक्रार करते. स्थळं बघायला बसल्यासारखी ती प्रत्येकाला नापास करत होती आणि माझी गिऱ्हाइकं बाहेर ताटकळत होती.

शेवटी तिलाच सुचलं. ती म्हणाली, त्याचे शब्द टाक ना, ते बूड टेकवण्याचे. मी टाकले, आणि पायरीवाला सापडला.

पायरीवाला म्हणजे दुसऱ्या गावातला निवृत्त पोस्टमन. तो बसण्याजोग्या पायऱ्यांविषयी लिहायचा. दुकानांच्या, कचेऱ्यांच्या, बंद घरांच्या पायऱ्या. प्रत्येक मजकुराखाली वाचणाऱ्यांचे अभिप्राय होते, आणि त्यात जागोजागी "मीटरवाला" म्हणून आमचा दादा होता. दोघं तिथे मनसोक्त भांडत होते. पायरी चांगली की बाकडं चांगलं, यावर त्यांनी पानंच्या पानं भरली होती. मावशी खुर्ची पुढे ओढून वाचायला लागली. त्या दिवशी तिने एकावर थांबायचा नियम पाळला नाही. ऊन दारात आलं तरी दुकान उघडलं नाही.

दादाचा शेवटचा अभिप्राय होता, "कोर्टाच्या पायरीबद्दल तुम्ही फार चढवून लिहिलंय. पुढच्या आठवड्यात आमच्या कोर्टाची बघून सांगतो." त्याच्याखाली पायरीवाल्याने लिहिलं होतं, "काय मीटरवाले, बघितली का?" त्याच्याखाली, बऱ्याच दिवसांनी, "गावाला गेलात वाटतं." आणि मग आणखी कधीतरी, "तुमच्या स्टेशनावरच्या बाकड्याला मी नावं ठेवली म्हणून रागावलात का? म्हातारा आहे, बोलून जातो. एवढं मनाला लावून घेऊ नका."

मला रडू आलं. मी लगेच लिहायला बोटं पुढे केली, की अहो, तो रागावलेला नाही, तो या जगात नाही. मावशीने माझा हात धरला.

"नको सांगूस."

"अगं, तो म्हातारा स्वतःला दोष देत बसलाय."

"तिथे माझा मुलगा नुसता रुसलाय," ती म्हणाली. "इथे गेला तो गेला. तिथे तरी रुसलेला राहू दे."

मी बोटं मागे घेतली. पण स्वतःला दोष देणारा तो म्हातारा मावशीलाही सुखाने बसू देईना. चार दिवस तिने माझ्याकडे येणं टाळलं आणि पाचव्या दिवशी येऊन म्हणाली, त्याला कळव, रागावलो नाही म्हणून. मी म्हटलं, कुणाच्या नावाने? ती म्हणाली, मीटरवाल्याच्या. मी सरळ नाही म्हटलं. मग तिने स्वतःच नावाच्या चौकटीत "मीटरवाला" टाकलं आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं, "रागावलो नाही. कामात होतो. पायरी बघून सांगतो." पायरीवाल्याचं उत्तर जेवणाच्या वेळेआधीच आलं. त्याला झालेला आनंद वाचून मावशीचा चेहरा असा झाला, जसा पूर्वी दादा घरी वेळेवर आला की व्हायचा.

मग ती खरंच कोर्टाच्या पायरीवर जाऊन बसली. गुडघे धरलेली बाई भर दुपारी दुकान बंद करून पायऱ्या पाहायला लागली, बाकडी पाहायला लागली, आणि मीटरवाल्याच्या नावाने लिहायला लागली. मी चिडले, समजावलं, अबोलाही धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. ती लिहायची, "या पायरीवर पँट मागून झिजेल," किंवा "इथे खिळा वर आलाय, शिवण उसवते." मी म्हणायची, दादाने जन्मात कधी शिवणीचा विचार केला नव्हता. ती म्हणायची, माणूस सुधारतो.

आणि मग पायरीवाल्याने लिहिलं की तो येतोय. पाय आता साथ देत नाहीत, पुढे जमेल न जमेल. वाचनालयासमोरच्या ज्या बाकड्याची तुम्ही एवढी तारीफ केलीत, तिथे तुमच्या शेजारी एकदा बसायचंय. वार आणि वेळ त्याने स्वतःच ठरवून कळवली. डाकेची शिस्त अंगात मुरलेला माणूस तो.

मावशी दिवसभर माझ्या दुकानात बसून राहिली. दादा आजारी आहे असं लिहू का, बदली झाली असं लिहू का, असं विचारत राहिली. मी म्हटलं, आजारी आहे म्हटलंस तर तो भेटायला घरी येईल. बदली म्हटलंस तर पत्ता मागेल. हे तुला कधीतरी थांबवावंच लागणार. ती म्हणाली, थांबवलं की तो तिथेही जाईल गं. ते वाक्य ऐकल्यावर मला तिच्यावर चिडायला जमेना.

आम्ही दोघी गेलो. तो आधीच येऊन बाकड्यावर बसला होता. हातात काठी, इस्त्रीचा शर्ट, बाजूला दुसऱ्या माणसासाठी जागा सोडलेली. मावशीने वाटेत तीनदा म्हणून पाहिलेलं वाक्य तिच्या तोंडून निघेना. तोच म्हणाला, बसा बसा, मी एका मित्राची वाट बघतोय, तो आला की मी सरकेन. मावशी बसली.

"मी मीटरवाल्याची आई," ती म्हणाली. "तो येणार नाही. तो गेला. कोर्टाची पायरी बघायच्या आधीच गेला."

म्हातारा काठी सावरत तिच्याकडे वळला.

"मग इतके दिवस मला लिहीत कोण होतं?"

"मीच. माझं चुकलं."

आता हा संतापणार, आणि संतापायचा त्याला अधिकार आहे, असं मला वाटलं. तो म्हणाला, तरीच, मीटरवाले एकाएकी पँटची काळजी करायला लागले, मला वाटलं लग्न ठरलं असेल. हे म्हणताना त्याला थोडं हसू आलं आणि त्या हसण्यातच तो रडायला लागला. भर रस्त्यात, काठीवर कपाळ टेकून, मोठ्याने. मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतके दिवस येणारा-जाणारा जे तिला सांगत होता तेच ती त्याला सांगत होती, की आपल्या हातात काय असतं, तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. ते किती पोकळ शब्द आहेत हे तिला माहीत होतं. तरी ती बोलत राहिली.

शांत झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि जरा संकोचून विचारलं, "ताई, त्यांचं नाव काय होतं? इतकं भांडलो आम्ही, पण नाव विचारायचं राहूनच गेलं."

मावशीने नाव सांगितलं. तो गेल्यापासून तिने ते तोंडातून काढलं नव्हतं. आपसांत बोलतानाही ती त्याला "तो"च म्हणायची. म्हाताऱ्याने ते नाव एकदा हळूच उच्चारून पाहिलं, मग बरोबर आहे ना असं विचारून पुन्हा एकदा. मावशी हो म्हणाली आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

घरी गेल्यावर पायरीवाल्याने त्याच्या साइटवर चार ओळींत दादा गेल्याचं आणि त्याच्या आईला भेटल्याचं कळवलं. त्याखाली कुठून कुठून माणसं आली. नळांवाली बाई आली, सावलीवाला आला. ती सगळी माणसं दादाची बाकडी वाचायची, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांच्यापैकी कुणीतरी खाली एक पत्ता दिला होता. हा मुलगा अगदी मीटरवाल्यांसारखं लिहितो, त्यांच्या आईंना आवडेल, असं म्हणून.

मी घाईने ते उघडलं. खरंच तसं होतं. पायी फिरणारा मुलगा, तोही कुठे बसलो ते लिहिणारा, तशीच चेष्टा, तसाच मध्येच तिरकस बोलायचा स्वभाव. मला वाटलं, सापडलं एकदाचं. मावशीला बोलावून आणलं, खुर्चीत बसवलं. तिने चष्मा पुसला आणि सगळं पान हळूहळू, शेवटपर्यंत वाचलं.

"छान लिहितो पोरगा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आहे ना अगदी दादासारखं?"

"हो गं. अगदी त्याच्यासारखं आहे." तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "पण मला त्याच्यासारखा नको होता. मला तोच हवा होता."

मी ते पान बंद केलं.