काढले, पण ठेवले कुठं?

आमचे शेजारी हेमचंद्रकाका यांना चुकीचं मराठी दिसलं की त्यांचा पारा चढतो. दुकानाची पाटीसुद्धा ते भांडून दुरुस्त करायला लावतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जगावेगळा उद्योग अंगावर घेतला. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणालीतल्या एकेका आज्ञेचं माहितीपान मराठीत आणायचं. ना पगार, ना मानपान. आमच्या गल्लीत ती पानं वाचणारा मी एकटाच, आणि तोही काकूंच्या चहाच्या आशेनं.

पानं मात्र खरंच सोपी असत. जड शब्द आला की काका म्हणत, "दमयंतीला कळला पाहिजे." दमयंतीकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. घरात माउसला बंदी, त्यामुळे काकूही लॅपटॉपवर आज्ञा टाईप करायला शिकल्या होत्या.

'आरएम' या आज्ञेचं पान काकांनी एका ओळीत उरकलं: 'ही आज्ञा फाइल काढते.' पानं तपासणाऱ्या अमृतानं कळवलं, की 'पुसून टाकते' असं लिहा; फाइल परत मिळत नाही हेही लिहा, मूळ पानात ते आहे. काका उखडले.

"डाग काढतात, काटा काढतात. मराठी माणसाला एवढं कळतं!"

ओळ तशीच राहिली.

पुढं काकूंची धाकटी बहीण निशा वारली. ती फर्दापूरहून फोनवर बोलून निरोप पाठवायची. अर्धं बोलणं आणि अर्धं हसणं. फोन बदलताना काकांनी ते सगळे निरोप लॅपटॉपवर घेतले होते. तिच्या वर्षश्राद्धाला जमलेल्यांना ते ऐकवावेत असं काकूंच्या मनात आलं. काका फुलं आणायला गेले होते. फडताळातून डबा काढावा तसे निरोप काढायचे, म्हणून काकूंनी काकांचंच पान उघडलं आणि आज्ञा टाईप केली. लॅपटॉपनं हूं की चूं केलं नाही. काम फत्ते झालं की ही आज्ञा गप्पच बसते.

काका आल्यावर काकूंनी विचारलं, "अहो, तुमच्या पानात बघून निशाचे निरोप काढले. पण ठेवले कुठं त्यानं?"

काका तसेच लॅपटॉपकडे धावले. फुलांची पिशवी हातातच राहिली.

औरंगपुऱ्यातल्या दुरुस्तीवाल्यानं खूप खटपट केली आणि शेवटी हात टेकले. "काका, यात आता कायच नाय उरलं."

मला आजही हळहळ वाटते, आणि काकांच्या त्या हट्टाचा रागही येतो. काकूंनी मात्र त्यांना एका शब्दानं बोल लावला नाही. तेच काकांना जास्त लागलं.

शेवटी त्यांनी ओळ बदलली: 'ही आज्ञा फाइल कायमची पुसून टाकते. ती परत मिळत नाही.' अमृताला पाठवण्याआधी लॅपटॉप काकूंपुढं सरकवला. काकूंनी चष्मा लावून दोन्ही वाक्यं सावकाश वाचली.

"आता कळतंय," त्या म्हणाल्या.