नायजर नदीपलीकडचे व्याही

माझ्या मैत्रिणीचं लग्न आमच्या सिंगापूरच्या, पुंगोलमधल्या फ्लॅटमध्ये मोडता मोडता राहिलं.

ती नायजेरियाची, इग्बो समाजातली. आम्ही दोघी युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, एकाच लॅबमध्ये. तिने पसंत केलेला मुलगाही नायजेरियाचाच, तांजोंग पगारला एका बँकेत नोकरीला. इतक्या लांब येऊन आपल्याच देशातला मुलगा मिळाला, घरचे खूश असतील, असं मी म्हणाले, तेव्हा ती नुसती हसली.

"तो योरुबा समाजातला आहे. त्याचे वडील सैन्यात होते, आणि माझे वडील बियाफ्रात."

मग जेवता जेवता तिने सगळं सांगितलं. देश स्वातंत्र्य मिळाल्यावर काही वर्षांतच फुटला. पूर्वेकडच्या इग्बो लोकांनी बियाफ्रा नावाचं वेगळं राष्ट्र जाहीर केलं आणि देशाचं सैन्य त्यांच्यावर चालून गेलं. वेढा पडला, अन्नधान्य येणं थांबलं. तिचे वडील तेव्हा लहान होते. त्यांची धाकटी बहीण उपासमारीनेच गेली. युद्ध संपलं, देश एक राहिला, पण सत्ता लष्कराच्या हातात गेली होती, ती मधली थोडी वर्षं सोडली तर तिच्या लहानपणापर्यंत तिथेच राहिली. तिचे वडील शाळेत शिक्षक. शिक्षकांच्या सभेत सरकारविरुद्ध बोलले म्हणून त्यांना घरातून उचलून नेलं. ते परत आले तेव्हा दारातला दाढीवाला माणूस बघून ती आईच्या मागे लपली. त्यानंतर लष्कर गेलं आणि निवडणुका आल्या.

"आता पापा दर मतदानाला उजाडायच्या आत रांगेत जाऊन उभे राहतात. कुठे मतपेट्या पळवल्याच्या बातम्या आल्या, तरी."

आणि मुलाचे वडील? ते त्या युद्धात तरुण सैनिक होते आणि पुढे लष्करी राजवटीत मोठे अधिकारी झाले.

दोन्ही वडील एकाच वेळी सिंगापूरला आले. मुलाचे हृदयाच्या तपासणीसाठी आणि मैत्रिणीचे लेकीकडे. भेटवायचं कुठे, हा प्रश्न होता. हॉटेलात आवाज चढले तर पंचाईत. मुलाच्या घरी गेलं तर तिचे वडील त्या अधिकाऱ्याचे पाहुणे होणार, आणि ते त्यांना चालणार नव्हतं. शेवटी तिने मला विचारलं, "तुझ्याकडे चालेल?"

त्यामुळे एका गुरुवारी मी रजा टाकली. चिकन रस्सा, मसालेभात, काकडीची कोशिंबीर केली. नवरा रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून दुपारपुरता घरी आला. आमची पाच वर्षांची मुलगी नवा फ्रॉक घालून दारात उभी होती.

शिक्षक आधी आले. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. पाठोपाठ मुलगा आणि त्याचे वडील. उंच गृहस्थ, हातात काठी, तरी पाठ ताठ. दोघांनी हात मिळवले, पण नजर मिळवली नाही.

सगळं बोलणं इंग्रजीत आणि फार सभ्य चाललं होतं. मला त्या सभ्यपणाचीच भीती वाटत होती. हवामान झालं, विमानप्रवास झाला. मग मुलाच्या वडिलांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "आम्हाला लोक काही का म्हणेनात, शेवटी सत्ता आम्ही स्वतःहून लोकांच्या हाती दिली. बंदूक रोखून कुणी मागितली नव्हती."

शिक्षकांनी चमचा खाली ठेवला.

"जे तुमचं नव्हतं, ते तुम्ही परत दिलंत. त्याबद्दल मी आभार मानू का?"

माझी मैत्रीण पाण्याचा ग्लास नुसताच फिरवत होती. मी वाढायला उठले, तेवढ्यात फायटर जेट आली. पाया लेबारच्या हवाई तळावरून ती कामाच्या दिवशी आमच्या ब्लॉकवरून जातात, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी एकामागून एक दोन गेली आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

पुढचं मला नीट दिसलंच नाही. खुर्ची पडली. शिक्षक टेबलाखाली होते. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीला त्यांनी ओढून खाली घेतलं होतं आणि ते तिच्यावर वाकले होते, दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकून. नवरा धावला. "थांब," मी म्हणाले, कारण मुलगी रडत नव्हती.

"ओन्ली जेट लाह, आजोबा," ती खालून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "एव्हरीडे हॅव."

ते बाहेर निघेनात. त्यांचा श्वास सगळ्या खोलीत ऐकू येत होता. मैत्रीण गुडघ्यांवर बसून त्यांच्याशी इग्बोत बोलत होती. हळूहळू त्यांनी हात सोडले. मुलगी बाहेर आली आणि माझ्या कमरेला बिलगली. ते उठून उभे राहिले, शर्ट झटकला आणि म्हणाले, "माफ करा. आम्ही निघतो."

"बसा," मुलाचे वडील म्हणाले. ते मात्र बसलेलेच होते. "बॉम्ब पडले तेव्हा बाजारात होतात?"

"आईबरोबर. बाजाराच्या दिवशी विमानं आली."

"विमानं आमची होती. पण वैमानिक बाहेरून आणलेले होते."

"खालून वैमानिक दिसत नाही."

मुलाच्या वडिलांनी काठी जमिनीला टेकवली. मला वाटलं, आता उठतील, संपलं. मुलगा कपाळ धरून बसला होता.

"नाही दिसत," त्याचे वडील म्हणाले. "खरं आहे."

शिक्षकांनी पडलेली खुर्ची स्वतः उचलून सरळ केली आणि तिच्यावर बसले. लेकीकडे न बघता ते त्या माणसाला म्हणाले, "आमच्यात मुलीला मागायला मुलाकडचे तिच्या वडिलांच्या अंगणात येतात. लागोसच्या हॉलमध्ये नाही, इथे सिंगापुरात तर नाहीच. माझ्या गावी. तुम्ही नायजर नदी ओलांडून या. विमानाने नाही, पुलावरून, रस्त्याने. माझे गाववाले विचारतील, युद्धात कुठे होतात? त्यांना तुम्ही स्वतः सांगायचं."

"बाबांना डॉक्टरांनी..." मुलगा मध्येच म्हणाला.

"तू गप्प बस," त्याचे वडील म्हणाले. मग शिक्षकांकडे वळून, "युद्धानंतर मी ती नदी ओलांडलेली नाही. आज लगेच हो म्हणवत नाही."

"मग माझंही हो नाही."

रस्सा तसाच राहिला. जाताना दोघांनी मला नमस्कार केला, एकमेकांना नाही. लिफ्टही वेगवेगळ्या घेतल्या.

त्यानंतर काही महिने मैत्रीण लॅबमध्ये कामापुरतंच बोलायची. मुलाचे वडील फोनवर तो विषयच काढू देत नव्हते. एकदा तर तिने मला सांगितलं की ती त्या मुलाला सोडून द्यायच्या विचारात आहे, कारण स्वतःच्या वडिलांच्या होकाराशिवाय लग्न करणं तिला जमणार नाही.

मग एका सकाळी तिने मला कॉफीच्या रांगेत मोबाइलवर गावाकडून आलेला व्हिडिओ दाखवला. लाल मातीचं अंगण, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर खूप माणसं. मधोमध साध्या कपड्यांत तो उंच म्हातारा उभा होता आणि बोलत होता. व्हिडिओ लांबून घेतलेला होता, शब्द कळत नव्हते. एक बाई मध्येच उठून ओरडली आणि निघून गेली. तो थांबला, ती दिसेनाशी होईपर्यंत, मग पुन्हा बोलू लागला.

"काय सांगत होते?" मी विचारलं.

"कुठली तुकडी, कुठली गावं. सगळं."

"आणि तुझे वडील?"

तिने व्हिडिओ पुढे सरकवला. शिक्षक खुर्चीवर बसले होते, मान खाली. बोलणं संपलं तेव्हा ते उठले, ताडीचा पेला भरला, आधी स्वतः एक घोट घेतला आणि मग तो पेला त्या उंच म्हाताऱ्यापुढे केला.